न गोठणारी माती आणि बेवारस गाळ

बंगळुरूच्या हवामानाच्या नोंदींत आजवरचे सर्वांत कमी तापमान ७.८ अंश सेल्सिअस इतके आहे, आणि ते १३ जानेवारी १८८४ रोजी नोंदले गेले. याचा अर्थ असा की, माणसाने मोजमाप ठेवण्यास सुरुवात केल्यापासून या शहराच्या मातीतील पाणी एकदाही गोठलेले नाही. वरवर पाहता ही माहिती सामान्यज्ञानाच्या पुस्तकात शोभावी अशी आहे. परंतु आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेलेली मृदाशास्त्राची पाठ्यपुस्तके बहुतांशी अशा देशांत लिहिली गेली, जिथे जमीन दर हिवाळ्यात गोठते आणि दर वसंतात वितळते. माती कशाने फुटते, कशाने सुटी होते आणि कशाने वाहून जाते, या प्रश्नांची त्या पुस्तकांतील उत्तरे तिथल्या जमिनीपुरती खरी आहेत. दख्खनच्या पठारावर तीच कामे दुसरेच कारागीर करतात. आणि कारागीर बदलला की त्याच्यामागे उभी करावयाची व्यवस्थाही बदलावी लागते, हा प्रशासनाचा विषय आहे. म्हणूनच हा लेख.

प्रथम थंड प्रदेशात काय घडते ते पाहू. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. त्यामुळे मातीच्या ढेकळातील पाणी गोठले की ढेकूळ आतून फुटते, एवढे सहज समजते. परंतु गोष्ट इतक्यावर थांबत नाही. स्टीफन टेबर या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने १९२९-३० च्या सुमारास एक चतुर प्रयोग केला. त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझिन भरले. बेंझिन गोठताना आकसते. तरीही ती माती गोठल्यावर वर उचलली गेली. म्हणजे जमीन उचलली जाण्याचे खरे कारण निव्वळ फुगणे हे नव्हे. गोठणारा थर खालच्या ओल्या थरातून द्रव वर ओढून घेतो आणि मातीत बर्फाचे पातळ पापुद्रे एकावर एक साचत जातात. जमीन जणू खालून पाणी शोषून वर बर्फाची चळत रचत असते. वसंतात ही चळत वितळते, तेव्हा वरच्या थरात त्याला पेलवेल त्यापेक्षा जास्त पाणी होते. खालचा थर अजून गोठलेलाच असल्याने ते पाणी झिरपू शकत नाही. अशा वेळी थोडा जरी पाऊस पडला किंवा बर्फ वितळून पाणी आले, तरी वरची माती लापशीसारखी उतारावरून घसरते. थंड प्रदेशातील कित्येक शेतांची वर्षभराची धूप अशा मोजक्या दिवसांत होऊन जाते.

या संकटाला दुसरी बाजूही आहे. उत्तर युरोपातील शेतकरी शरद ऋतूत भारी चिकणमातीची जमीन नांगरून तशीच ढेकळांत सोडून देतो. हिवाळाभर ती ढेकळे गोठतात, वितळतात, पुन्हा गोठतात आणि वसंतात कुळवाच्या एका पाळीने भुगा होतात. अर्थात ढेकूळ फार ओले असताना हेच चक्र वारंवार फिरले, तर मातीचे कण एकमेकांना धरून ठेवण्याची शक्ती गमावतात आणि रवाळ माती पिठासारखी होते. तेव्हा गोठणे हे मातीला उपकारक की अपकारक, याचे एकच उत्तर नाही. माती कोणती, ओल किती आणि त्यानंतर पाऊस कधी, यावर ते ठरते.

आता आपल्याकडे या. भारतात मातीचे असे गोठणे-वितळणे लडाख, स्पिती आणि हिमालयाच्या उंच उतारांवर घडते. महाराष्ट्रात महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या कडाक्याच्या पहाटे दवाचे हिमकण झाले की त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात. सूर्य वर आला की ते कौतुक संपते. मातीच्या आत त्याचा शिरकाव होत नाही. मग आपल्याकडे ढेकूळ कोण फोडते? विदर्भ-मराठवाड्यातील कोणताही शेतकरी सांगेल: ऊन आणि पहिला पाऊस. उन्हाळी नांगरट करून जमीन तापू देण्याची आपली रीत ही युरोपातील शरद-नांगरटीची दख्खनी बहीण आहे. तिथे जे बर्फ करते, ते इथे वाळणे आणि भिजणे करते.

परंतु हे वाळणे-भिजणेही सर्व मातींत सारखे नसते. बेसाल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या मातीतील चिकणकण पाणी मिळाले की फुगतात आणि वाळले की आकसतात. उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात, वरचा भुसभुशीत चुरा त्या भेगांत उतरतो, पावसाळ्यात भेगा मिटतात आणि खालची माती वर ढकलली जाते. ही जमीन स्वतःला स्वतःच नांगरते, असे म्हटले जाते ते याच अर्थाने. काळ्या मातीला बर्फाची उणीव भासत नाही; तिच्यापाशी स्वतःची यंत्रणा आहे.

बंगळुरूची माती मात्र तशी नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, अतिप्राचीन पट्टिताश्म खडकावर वसले आहे. लालबागेतील ज्या उघड्या खडकावर केंपेगौडाचा बुरूज उभा आहे, त्याचे वय सुमारे तीन अब्ज वर्षे सांगितले जाते आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. हा खडक झिजून जी माती होते, ती तांबडी, वाळूमिश्रित आणि केओलिन जातीच्या चिकणकणांची असते. हे कण ओले झाले तरी फारसे फुगत नाहीत आणि वाळले तरी फारसे आकसत नाहीत. त्यामुळे या मातीला खोल भेगा नाहीत आणि आपोआप होणारी नांगरटही नाही. उन्हाळ्यात ती दगडासारखी कठीण होते. त्यावर वळवाचा जोरदार पाऊस पडला की कोरड्या ढेकळाच्या रंध्रांत अडकलेली हवा चहूबाजूंनी शिरणाऱ्या पाण्यामुळे दाबली जाते आणि ढेकूळ अक्षरशः फुटते. थेंबांच्या माऱ्याने सुटलेले बारीक कण रंध्रांत बसून ती बुजवतात. ऊन पडले की वर पापडी धरते. पुढच्या पावसाचे पाणी त्या पापडीवरून जमिनीत मुरण्याऐवजी वाहू लागते. गोठलेला खालचा थर युरोपात जे करतो, तेच इथे वरची पापडी करते. पाणी आत जाऊ देत नाही.

त्यातच इथल्या पावसाची तऱ्हा. बंगळुरूला वर्षाकाठी सरासरी ९५० ते १००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि तो पुण्या-मुंबईसारखा जुलैत एकवटलेला नसतो. मे महिन्यात वळीव जोरात येतात, तर सर्वाधिक पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात होतो. म्हणजे मातीचे वाळणे-भिजणे वर्षातून अनेकदा होते. शहर एका जलविभाजकावर बसले आहे. हेब्बाळ आणि कोरमंगला-चल्लघट्टा या दऱ्यांचे पाणी दक्षिण पिनाकिनीकडे जाते, वृषभावतीचे अर्कावतीकडे व पुढे कावेरीला मिळते. मोठी नदी नाही, उतार सौम्य पण सर्वत्र आहेत आणि माती पापडी धरणारी. अशा ठिकाणी वस्ती करायची तर पाणी अडवावे लागणार, आणि पाणी अडवले की त्याबरोबर माती अडणार, हे ओघाने आलेच.

बंगळुरूचा इतिहास हा म्हणूनच तळ्यांचा इतिहास आहे. विजयनगरचा मांडलिक केंपेगौडा याने १५३७ मध्ये हे नगर वसवले आणि धर्मांबुधी, केंपांबुधी यांसारखी तळी बांधली. या तळ्यांमागे शतकांचा अनुभव होता. विजयनगरच्याच अमलातील, आज आंध्र प्रदेशाच्या कडप्पा जिल्ह्यात असलेल्या पोरुमामिल्ला येथील १३६९ चा शिलालेख या दृष्टीने प्रत्येक प्रशासकाने एकदा तरी वाचावा असा आहे. त्यात चांगल्या तळ्याची बारा अंगे आणि तळ्याचे सहा दोष सांगितले आहेत. बांधातून पाणी पाझरणे, खारट जमीन, तळ्याच्या पोटात मधोमध उंचवटा, पाणी थोडे व भिजवण्याची जमीन फार, पाणी फार व जमीन थोडी, हे पाच दोष कोणत्याही अभियंत्याला सुचतील. उरलेला दोष मात्र अभियंत्याच्या शास्त्रातला नाही: दोन राज्यांच्या सीमेवर असणे. तळे कितीही उत्तम बांधलेले असो, त्याचे धनी दोन झाले की ते बिघडते, हे साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने दगडावर कोरून ठेवले आहे. या लेखात पुढे जे सांगावयाचे आहे, त्याचे सार त्या एका दोषात आलेले आहे.

जुन्या व्यवस्थेत गाळाला धनी होता. कर्नाटकातील अनेक शिलालेखांत तळे बांधणाऱ्यास व राखणाऱ्यास दिलेल्या जमिनींचे उल्लेख येतात. बित्तुवट्ट, कट्टु-कोडगे अशी त्या देणग्यांची नावे आहेत. काही लेखांत तर तळ्यातील गाळ काढून बांधावर टाकण्यासाठी गाडी आणि तिची जनावरे पोसण्याकरिता जमीन लावून दिलेली आहे. या गाडीला तिथे ‘बंडी’ म्हणतात. विदर्भातील वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. नागपूरकडे बैलगाडीला बंडीच म्हणतात. ही तरतूद मला विशेष अर्थपूर्ण वाटते. तळे बांधणे हे पुण्यकर्म असल्याने त्याला दाते सहज मिळत. गाळ काढणे हे दरवर्षीचे, कंटाळवाणे, कीर्ती न देणारे काम. त्याला दाता मिळणे कठीण, म्हणून त्यासाठी कायमचे उत्पन्न लावून दिले गेले. आजच्या भाषेत भांडवली खर्चाबरोबर आवर्ती खर्चाची तरतूदही त्याच आदेशात केली गेली.

१६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखान व शहाजीराजे यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरू घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. १६८७ मध्ये मोगलांनी ते एकोजींच्या हातून घेतले आणि मैसूरच्या चिक्कदेवरायाने तीन लाख रुपये मोजून ते विकत घेतले. अशा रीतीने अर्धे शतक या तळ्यांच्या मुलखावर मराठी अंमल होता. राज्यकर्ते बदलले, परंतु गावपातळीवरची माणसे तीच राहिली. आपल्याकडे पाटील-कुलकर्णी, तसे तिथे गौड आणि शानभोग. त्यांच्या जोडीला तळ्याचे पाणी सोडणारा नीरगंटी. कोणत्या शेताला किती वेळ पाणी द्यायचे हे तो ठरवी आणि त्याचा मोबदला त्याला पिकातून मिळे. उन्हाळ्यात तळे आटले की आजूबाजूचे शेतकरी तळातला गाळ गाड्यांनी आपल्या शेतात नेत. याला केवळ खत नेणे म्हणणे अपुरे आहे. पापडी धरलेल्या शेतातून पाण्याबरोबर वाहून जातात ते नेमके बारीक चिकणकण आणि सेंद्रिय द्रव्य. जाड वाळू मागे राहते. म्हणजे शेत दरवर्षी थोडे अधिक रेताड होते आणि तळ्यात त्याचा कस साचतो. तो कस बंडीत भरून परत शेतात टाकणे म्हणजे धुपेचा हिशेब वर्षाच्या वर्षाला चुकता करणे होय. ज्या जमिनीला स्वतःची नांगरट नाही, तिला ही परतफेडच तारत होती.

एकोणिसाव्या शतकात हा हिशेब मोडला. १८३१ मध्ये मैसूरचा कारभार इंग्रज आयुक्तांकडे गेला आणि १८५६ मध्ये तिथे सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाले. तळी आता खात्याच्या यादीवर आली. या काळातील अधिकारी निष्काळजी होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८६४ पासून मैसूरचे मुख्य अभियंता असलेले रिचर्ड सँकी यांनी या मुलखातील तळ्यांच्या साखळ्या पाहून लिहिले होते की, इथे पाणी साठवण्याचे तत्त्व इतक्या पूर्णतेने अमलात आले आहे की नव्या तळ्यासाठी जागा शोधायची तर कल्पकताच लागेल. वरच्या तळ्याचे सांडपाणी खालच्या तळ्यात, त्याचे त्याखालच्या तळ्यात, अशी ती रचना. वरचे तळे फुटले तर खालची सारी धोक्यात, आणि वरचे गाळाने भरले तर पुढचा गाळ खालच्याच्या वाट्याला, हेही त्यांना ठाऊक होते. बंगळुरूतील सँकी तळे १८८२ मध्ये झाले ते याच परंपरेत.

अडचण माणसांची नव्हती, वर्गवारीची होती. तळ्यांची मोठी आणि लहान अशी विभागणी करण्यात आली. आणि तिचा आधार तळ्यात पाणी किती, गाळ किती किंवा साखळीत त्याचे स्थान कोणते हा नव्हता. त्या तळ्याखालील जमिनीचा महसूल किती, हा होता. मोठी तळी बांधकाम खात्याकडे, लहान महसूल खात्याकडे. पाणी आणि गाळ यांना ही विभागणी अर्थातच कळत नव्हती. साखळीतले वरचे तळे बहुधा लहान आणि कमी महसुलाचे असते. परंतु पहिला गाळ अडवण्याचे काम तेच करते. त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले. दुसरीकडे, तळे सरकारी झाले म्हणजे त्याचे मातीकाम सरकारचे, ही भावना गावात रुजू लागली. सरकार मात्र ते काम जुन्या रूढीप्रमाणे गावाचेच समजत राहिले. १९११ मध्ये मैसूर संस्थानाने तळे पंचायतींचा कायदा केला, तो हीच तुटलेली कडी जोडण्याच्या हेतूने. परंतु उत्पन्नाशी आणि हक्काशी जोडलेले कर्तव्य वेगळे आणि कलमाने लादलेले कर्तव्य वेगळे. बंडीच्या बैलांची वैरण कलमातून निघत नाही. दरम्यान १८७६-७८ च्या दुष्काळाने मैसूरची सुमारे एक पंचमांश प्रजा गिळली होती. तळी ओळीने कोरडी पडली, आणि पावसाच्या मुलखातही साठवण किती ठिसूळ असते, याची ती भयंकर आठवण होती.

याच सुमारास मातीचे शास्त्र बंगळुरूत आले आणि ते थंड देशांतून आले. १८९९ मध्ये महाराणी वाणीविलास सन्निधान यांनी हेब्बाळ येथे प्रायोगिक शेतीसाठी तीस एकर जमीन दिली आणि डॉ. ॲडॉल्फ लेहमान या रसायनशास्त्रज्ञाकडे ते काम सोपवण्यात आले. १९०८ मध्ये डॉ. लेस्ली कोलमन मैसूरच्या सेवेत रुजू झाले आणि १९१३ पासून कृषी खात्याचे संचालक झाले. कोलमन कॅनडाच्या ऑंटारियो प्रांतातले, म्हणजे जिथे महिनोन्‌महिने जमीन दगडासारखी गोठलेली असते तिथले. अशा माणसाने इथे येऊन गव्हाचा नव्हे तर नाचणीचा अभ्यास केला, नाचणीच्या लागवडीवर १९२० मध्ये पुस्तिका लिहिली, हे मला त्यांच्या थोरवीचे लक्षण वाटते. नाचणी पेरल्यानंतर मैसूरचा शेतकरी ‘कुंटे’ या आपल्या कुळवासारख्या औजाराने पुनःपुन्हा पाळ्या घालतो. वरवर ते तण काढणे दिसते. प्रत्यक्षात पावसाने धरलेली पापडी फोडून जमिनीचे तोंड उघडे ठेवण्याचे ते काम आहे. ऑंटारियोत हे काम हिवाळा फुकट करून देतो. बंगळुरूत ते बैल आणि माणूस करतो.

परंतु इथेही एक सीमारेषा आखली गेली, आणि ती पुढे फार महाग पडली. हेब्बाळला प्रयोगाचे शेत आहे आणि हेब्बाळलाच जुने तळे आहे. शेत कृषी खात्याचे. तळे दुसऱ्या खात्याचे. शेतातली माती कशी सुटते याचा अभ्यास एका फाइलीत आणि ती जिथे जाऊन साचते त्या तळ्याचा अंदाजपत्रकी खर्च दुसऱ्या फाइलीत. पोरुमामिल्लाचा सहावा दोष राज्यांच्या सीमेवरून खात्यांच्या सीमेवर आला, एवढाच काय तो फरक.

पुढचा अध्याय शहराचा आहे. १८९६ मध्ये हेसरघट्ट्याहून नळाने पाणी बंगळुरूत आले, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे आणि १९७४ मध्ये कावेरीचे. पाणी दुरून येऊ लागले, तसे गावातल्या तळ्याचे महत्त्व उतरले. धर्मांबुधीच्या जागी बसस्थानक झाले, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण. १९८५ मध्ये शासनाने श्री. एन. लक्ष्मण राव या ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तळ्यांच्या जतनासाठी समिती नेमली. तळी बुजवू नयेत, त्यांत सांडपाणी सोडू नये, गाळ काढावा, अतिक्रमणे हटवावीत, अशा तिच्या शिफारशींचा रोख होता. २००२ मध्ये तळ्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण आले, २०१४ मध्ये त्यासाठी कायदा झाला, २०१८ मध्ये ती रचनाही बदलून काम लघुपाटबंधारे खात्याशी जोडलेल्या प्राधिकरणाकडे गेले. तळ्याचा धनी शोधण्याचा हा प्रवास पाहिला की त्या शिलालेखाची आठवण होते.

शहरीकरणाने मातीचा प्रश्न संपवला असा समज असतो, तो बरोबर नाही. वसाहतीसाठी जमीन सपाट करताना वरचा थर खरवडला जातो आणि खालची कठीण, सेंद्रिय द्रव्य नसलेली तांबडी माती उघडी पडते. प्लॉट विकले जाईपर्यंत, घरे उभी राहीपर्यंत ती तशीच पावसात भिजते. नांगरलेल्या शेतापेक्षा अशा उघड्या जागेची धूप कितीतरी अधिक होते आणि ती राजकालुव्यांतून, म्हणजे तळ्यांना जोडणाऱ्या जुन्या पाटांतून, सरळ तळ्यात येते. फरक इतकाच की, आता त्या गाळात सांडपाणी व कारखान्यांची द्रव्ये मिसळलेली असतात. पूर्वी जो गाळ शेताचा कस होता, तो आज शेतात टाकावा की टाकू नये, हे तपासणीशिवाय सांगता येत नाही. परतफेडीची वाटच विषारी झाली.

वाचकहो, हे सारे बंगळुरूचे म्हणून आपण निश्चिंत राहावे असे नाही. आपल्याकडे सोलापूरला १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले आणि कानिटकरांचा त्या विषयावरचा ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्कालीन मुंबई प्रांताने १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि विजापूरच्या दुष्काळी कामांत समतल बांधबंदिस्ती मोठ्या प्रमाणावर हाती घेतली गेली. मुरमाड व तांबड्या जमिनीत हे बांध उपयोगी पडले. खोल काळ्या जमिनीत मात्र उन्हाळ्यात बांधाखालूनच भेगा गेल्या, पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून घुसून बांध फुटले, किंवा न फुटलेल्या बांधामागे पाणी तुंबून पीक सडले. शेतकऱ्यांनी स्वतःच बांध फोडले, तेव्हा काही कार्यालयांत त्यास अडाणीपणा समजले गेले. पुढे काळ्या जमिनीसाठी पाण्याला हळूहळू वाट देणारे ढाळीचे बांध सुचवले गेले. जी माती वाळताना भेगाळते आणि जी वाळताना पापडी धरते, त्या दोघींना एकच परिपत्रक लागू करता येत नाही, हे कळायला बरीच वर्षे आणि बरेच बांध खर्ची पडले.

गाळाचा प्रश्नही आपल्याकडे तसाच. माझ्या सेवेच्या काळात एका पाझर तलावातील गाळ शेतकऱ्यांना नेऊ देण्याची एक फाइल माझ्यासमोर आली होती. तीन कार्यालये फिरून आलेल्या त्या फाइलीवर मूळ प्रश्न एकच होता: गाळ हे गौण खनिज समजून त्यावर स्वामित्वधन घ्यावे, की ते खत समजून सोडून द्यावे? प्रत्येक कार्यालयाचा शेरा आपापल्या नियमानुसार निर्दोष होता. फाइल पूर्ण होईपर्यंत पावसाळा तोंडावर आला आणि गाळ होता तिथेच राहिला. २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली आणि शेतकऱ्याने आपल्या वाहनाने गाळ नेण्याची वाट मोकळी केली. या योजनेच्या नावातच दोन्ही खाती एकत्र आली आहेत, हे मला तिचे सर्वांत मोठे गुण वाटते. जुन्या बंडीची ती आधुनिक आवृत्ती आहे. परंतु बंडीला कायमचे उत्पन्न लावून दिलेले होते. योजना आदेशाबरोबर येते आणि तरतूद संपली की थांबते.

या प्रश्नाचा आवाका लहान नाही. ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन, म्हणजे हेक्टरी सोळा टनांहून अधिक माती सुटते. त्यापैकी सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के जलाशयांत साचते आणि ६१ टक्के केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते. या आकड्यांतील शेवटचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. बहुतेक माती देशाबाहेर गेलेली नाही. ती कोणाच्या तरी हद्दीतून कोणाच्या तरी हद्दीत गेली आहे. तिचे नुकसान एका खात्याच्या जमिनीत झाले आणि तिचा भार दुसऱ्या खात्याच्या जलाशयावर पडला. ज्याचे नुकसान आणि ज्याचा भार, ते दोघे एकाच टेबलाशी कधी बसत नाहीत, हे खरे दुखणे.

यावर उपाय म्हणून नवे प्राधिकरण सुचवण्याचा मोह मी टाळतो. त्यांची कमतरता नाही. माझी सूचना एका रकान्याची आहे. प्रत्येक तळ्याच्या व पाझर तलावाच्या नोंदवहीत पाणीसाठ्याबरोबर दरवर्षी उन्हाळ्यात मोजलेली गाळाची उंची लिहावी. त्याशेजारी त्या पाणलोटातील गावांची नावे, तिथली माती भेगाळणारी की पापडी धरणारी, आणि त्या वर्षी किती गाळ शेतात परत गेला, हे लिहावे. शहरात असेल तर गाळाच्या तपासणीचा निष्कर्ष लिहावा. आणि या नोंदीखाली कृषी व पाटबंधारे या दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र सही करावी. यासाठी कायदा लागत नाही, फारसा निधीही लागत नाही. नागपूरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे एक प्रादेशिक केंद्र बंगळुरूत हेब्बाळलाच आहे. मातीचे नकाशे उपलब्ध आहेत. उणीव आहे ती तो नकाशा आणि तळ्याची नोंदवही एकमेकांशेजारी उघडण्याची.

निसर्गाने थंड प्रदेशातील शेतकऱ्याला एक फुकटचा मजूर दिला आणि त्याबरोबर वसंतातील एक चोरही दिला. दख्खनच्या तांबड्या मातीला त्याने मजूर दिला नाही, चोर मात्र वर्षातून अनेकदा पाठवला. ती उणीव इथल्या माणसांनी कुळवाच्या पाळीने आणि गाळाच्या गाडीने भरून काढली होती. त्या गाडीच्या बैलांना वैरण कोण घालणार, याचे उत्तर त्यांनी आधी ठरवले आणि मगच तळ्याचा बांध घातला. आपण बांध घालायला शिकलो आहोत. वैरणीचा प्रश्न अजून टिपणीसह सादर व्हायचा आहे.